कोंबडीचा टॅक्स आणि श्रेडरमधल्या सीटा

नमस्कार, मागे ऐकू येतंय ना? बरं. मी काही अर्थशास्त्राचा प्रोफेसर नाही, चाकणला गाड्यांच्या लाईनवर क्वालिटीत बावीस वर्षं काढलीत. आज बोलायचंय फ्री ट्रेड, म्हणजे ड्युटीशिवायचा व्यापार, आणि नोकऱ्या यांवर, पण सुरुवात गाडीच्या सीटपासूनच करतो.

फोर्डची ट्रान्झिट कनेक्ट नावाची छोटी व्हॅन होती, आधी तुर्कस्तानात आणि नंतर स्पेनमध्ये बनून जहाजाने अमेरिकेत जायची. जाताना तिच्यात मागची सीट, सीटबेल्ट, खिडक्यांना काचा, सगळं व्यवस्थित. बाल्टिमोरला कस्टममधून सुटली की गोडाऊनमध्ये न्यायची, मागची सीट काढायची, काचांच्या जागी पत्रा लावायचा आणि काढलेली सीट थेट श्रेडरमध्ये. नवी कोरी सीट, कुणी टेकलंसुद्धा नाही तिच्यावर! कारण काय, तर माणसं बसायची गाडी म्हणून आणली तर आयात ड्युटी अडीच टक्के आणि मालाची व्हॅन म्हणून आणली तर २५ टक्के. सीट फिटिंगला ज्याने शिफ्ट काढलीय ना, त्याच्या पोटात कालवतं हे ऐकून. पुढे कस्टमने पकडलं, कोर्टकचेरी झाली, २०१९ला फोर्ड हरली आणि २०२४ला ३६.५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

आता हे २५ टक्के आले कुठून? कोंबडीतून. खरंच सांगतोय. १९६०च्या सुरुवातीला अमेरिकेची स्वस्त कोंबडी युरोपात एवढी यायला लागली की तिकडचे पोल्ट्रीवाले ओरडले, युरोपने ड्युटी लावली, मग अमेरिकेचे प्रेसिडेंट जॉन्सन यांनी उट्टं काढलं आणि जानेवारी १९६४पासून बटाट्याचा स्टार्च, डेक्सट्रिन, ब्रँडी आणि छोटे ट्रक यांच्यावर जादा ड्युटी लावली, ट्रकवर २५ टक्के. बाकीचं पुढे मागे गेलं, ट्रकचं तेवढं राहिलं. तिकडे त्याला अजून चिकन टॅक्सच म्हणतात.

मर्सिडीजने तर कमालच केली. स्प्रिंटर व्हॅन जर्मनीत पूर्ण बनवायची, मग तिचं इंजिन वगैरे उतरवून वेगळं पाठवायचं आणि साउथ कॅरोलिनात चार्ल्स्टनजवळ परत जोडायचं, म्हणजे कागदावर ती पूर्ण गाडी नाही. शेवटी २०१८ला तिथेच पूर्ण प्लांट टाकला. आता तुम्ही म्हणाल किती मूर्खपणा, काढून टाका ना ती ड्युटी. मलाही तसंच वाटायचं. पण चार्ल्स्टनच्या त्या लाईनवर जो उभा आहे त्याची नोकरी त्या ड्युटीतूनच आलीय, उद्या ती शून्य झाली तर जर्मनीतला खूश आणि ह्याच्या घरात टेन्शन. फ्री ट्रेडच्या हिशेबात हा माणूस नेमका कुठल्या रकान्यात लिहायचा, माझं आजचं सगळं बोलणं एवढ्यावरच आहे.

तर हा हिशेब मोठ्या प्रमाणावर एकदा झालाय. अमेरिका आणि युरोपियन युनियन यांच्यात टीटीआयपी नावाचा फ्री ट्रेडचा करार करायचं ओबामांनी फेब्रुवारी २०१३मध्ये जाहीर केलं, त्याच वर्षीच्या जुलैपासून ऑक्टोबर २०१६पर्यंत बोलणीच्या १५ फेऱ्या झाल्या, मग ट्रम्प आले आणि गाडं अडलं ते अडलंच. खरं तर दोघांमधली सरासरी ड्युटी तेव्हा फारच कमी होती, खरा वाद नियमांचा. नियम म्हणजे काय ते आपल्या नाशिकच्या द्राक्षवाल्यांना विचारा, २०१०ला युरोपात औषधाचा अंश जास्त सापडला म्हणून कंटेनरच्या कंटेनर अडकले होते, ड्युटीचा संबंधच नाही. तसंच अमेरिकेत कोंबडी कापल्यावर क्लोरीनच्या पाण्यात धुतात, युरोपात ते १९९७पासून चालत नाही. परत कोंबडीच! जर्मनीत तर क्लोरीनवाली कोंबडी ही आंदोलनाची घोषणाच झाली, ऑक्टोबर २०१५मध्ये बर्लिनला पोलिसांच्या मोजणीने दीड लाख लोक रस्त्यावर होते.

युरोपियन कमिशनने एक स्टडी करून घेतला होता, त्यात आलं की सगळं जमलं तर २०२७पर्यंत युरोपातल्या चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ५४५ युरो जास्त मिळतील. महिन्याला ४५ युरो झाले. वाईट नाही. पण त्या मॉडेलमध्ये एकूण कामगार तेवढेच धरलेत, म्हणजे एका ठिकाणची नोकरी गेली की माणूस दुसरीकडे कामाला लागलाच असं गृहीतच धरलंय, त्यामुळे करारामुळे बेकारी वाढेल का हा प्रश्न त्या मॉडेलला विचारताच येत नाही. २०१४ला कपाल्डो नावाच्या अर्थतज्ज्ञाने युनायटेड नेशन्सचं दुसरं मॉडेल घेतलं, त्यात बेकारीला जागा आहे, तर उत्तर आलं की युरोपात साधारण सहा लाख नोकऱ्या जातील. करार तोच बरं का! त्या सहा लाखांवरही मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही, त्यालाही खूप शिव्या पडल्यात. पण पंचेचाळिशीतला वेल्डर सोमवारी काढला की मंगळवारी सॉफ्टवेअरमध्ये लागतो हे मला पटवून दाखवा.

युनियनवाल्यांची भीती वेगळीच होती. आयएलओचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे, तेव्हा आठ मूलभूत करार होते, त्यातले अमेरिकेने फक्त दोन मान्य केलेत, युरोपातल्या देशांनी आठही. हसू नका, युनियन करायच्या हक्काचे ८७ आणि ९८ नंबरचे आपणही केलेले नाहीत. फोक्सवॅगनचं उदाहरण घ्या, जर्मनीत सुपरवायझरी बोर्डाच्या अर्ध्या खुर्च्या कामगारांच्या, आणि त्याच कंपनीच्या टेनेसीतल्या चॅटनूगा प्लांटला फेब्रुवारी २०१४मध्ये युनियनसाठी मतदान झालं तर ७१२ विरोधात, ६२६ बाजूने. तिथे युनियन आली ती थेट २०२४ला. मग जर्मनीतल्या कामगाराला वाटणारच ना की गाडीचं नवं मॉडेल आपल्याकडे येणार का तिकडे.

टीटीआयपी बारगळला, पण त्याचा धाकटा भाऊ, युरोप आणि कॅनडाचा सेटा, तो झाला. पण त्याआधी तो अडवून धरला होता कुणी, तर बेल्जियममधल्या वालोनिया प्रांताने, सगळी मिळून पस्तीसेक लाख वस्ती. सप्टेंबर २०१६मध्ये तिथल्या शार्लेरवाजवळचा कारखाना बंद करतो म्हणून कॅटरपिलरने जाहीर केलं होतं, दोन हजारांवर नोकऱ्या, आणि पुढच्याच महिन्यात वालोनियाच्या पार्लमेंटने सेटाला नाही म्हटलं. कॅनडाच्या कराराने काही तो कारखाना बंद पडला नव्हता, कंपनी अमेरिकन. पण ज्याच्या गावात नुकतं कुलूप लागलंय त्याला हा फरक कोण समजावणार? वालोनियाच्या हट्टामुळे कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांना सही करायला तीन दिवस उशिरा यावं लागलं.

हां, बोला काका... काका विचारतायत की सीटा काढायला पण माणसं लागत असतीलच, म्हणजे रोजगार तर झालाच की. झाला ना काका. स्पेनमध्ये बसवायचा रोजगार, बाल्टिमोरला काढायचा रोजगार, श्रेडरवाल्याचा वेगळा. आणि तेव्हा ड्युटी गेली असती तर ह्यातला बसवणारा आणि काढणारा, दोघांचंही काम एकाच दिवशी गेलं असतं.