मागचा ब्रेक, डाव्या हातात

(सडा, वरून. इंजिनाचा आवाज तसाच.)

राजापूर तालुक्यातला हा सडा, म्हणजे उघडं पठार. खाली कातळ, त्यावर जांभ्याची सुटी खडी, आणि चिरेखाणीकडे उतरणारी ही डंपरची वाट. कातळशिल्पं इथून लांब आहेत. तिकडे आम्ही गाडी नेली नाही, कुणी नेऊही नये.

अशा उतारावर मोटरसायकलचा पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला गेला की पुढचं चाक खडीवरून निसटतं. गाडी सावरायची ती मागच्या ब्रेकवर. आणि मागचा ब्रेक असतो उजव्या पायाखाली.

आता स्वाराचा उजवा बूट पाहा. आतला घोटा वाकत नाही. अपघातानंतर हाड जुळलं, सांधा मात्र आखडला तो आखडलाच. उभं राहून पेडल दाबायचं तर अख्खा पाय उचलावा लागतो, तोवर वळण मागे पडलेलं असतं. गाडी विकून टाक म्हणणारे पुष्कळ भेटले. मेस्त्रींनी एवढंच विचारलं, "डावा हात बरा हाय ना?"

(गॅरेज. पान्यांचा आवाज.)

मागचा ब्रेक पायाऐवजी डाव्या हातात घ्यायचा, ही युक्ती काही आजची नाही. १९९२ साली नेदरलँड्समधल्या ॲसेनच्या ट्रॅकवर सरावात पडून मोटरसायकल रेसर मिक डूहानचा उजवा पाय मोडला, तो कापायची वेळ आली होती. पुढे त्याने मागचा ब्रेक डाव्या अंगठ्याशी आणला आणि १९९४ ते १९९८ सलग पाच वेळा ५०० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. तिथे दिमतीला कारखान्याचे इंजिनिअर होते. इथे एक मेस्त्री आहेत आणि बाजूला लेथवाला.

गाडी हिरोची एक्सपल्स २००. मागे २२० मिलिमीटरची डिस्क. एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला, त्यामुळे मागची लाइन मोकळी, आणि म्हणूनच हे काम गॅरेजात होऊ शकतं.

हँडलवर क्लचच्या खाली हा छोटा मास्टर सिलिंडर बसतोय, लिव्हर दाबली की ब्रेक ऑइल ढकलणारा. याचा पिस्टन ११ मिलिमीटरचा. पायासाठी १४ चा पिस्टन चालतो, कारण पायात जोर असतो. बोटांत तेवढा कुठून येणार? पिस्टन बारीक केला की तेवढ्याच जोरात दाब दीडपटीहून जास्त मिळतो. त्या बदल्यात लिव्हर जास्त आत येते. फुकट काहीच मिळत नाही.

मूळ पेडल काढलेलं नाही. इथेच खरी गोम आहे. दोन्ही लाइनी साध्या टी-जॉइंटने जोडल्या तर हाताने ढकललेलं ऑइल डिस्क पकडणाऱ्या कॅलिपरकडे जायचं सोडून पायाच्या सिलिंडरच्या ऑइलटाकीत चढतं, ब्रेक लागतच नाही. म्हणून हातातली लाइन पायाच्या सिलिंडरच्या आत सोडली आहे, जिथे आधी टाकीची रबरी नळी होती. ती नळी ऑइल उतरवण्यापुरती, दाब सोसायला नव्हे. तिच्या जागी लेथवर कातलेला हा तुकडा. लिव्हर दाबली की ऑइल पायाच्या सिलिंडरमधल्या बारीक भोकातून पुढे कॅलिपरला जातं. पेडल दाबलं की तेच भोक बंद होतं आणि पायाचा ब्रेक नेहमीसारखा चालतो.

मात्र पेडलला किंचित ढिलाई हवीच. पेडल थोडंसं जरी दाबलेलं राहिलं तरी भोक बंद, आणि मग हातातली लिव्हर नुसती दगडासारखी. मेस्त्री तिथे पुन्हा पुन्हा बोट लावून बघतायत ते यासाठीच.

लाइन जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याचे वॉशर, तेही कोरे. जुने पुन्हा वापरले की ऑइल झिरपलंच.

(सिरिंज, पारदर्शक नळी, बुडबुडे. शॉट पूर्ण ठेवा.)

आता लाइनीत अडकलेली एअर काढायची. हवा वरच जाणार, मग तिला खाली कशाला ओढायचं? मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजने ऑइल कॅलिपरच्या निपलमधून वर चढवलं जातंय. बघा, बुडबुडे हँडलवरच्या टाकीत येऊन फुटतायत. डॉट ४ हे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. कोऱ्या ऑइलला उकळायला किमान २३० अंश लागतात, ओलं झालं की ती मर्यादा १५५ वर येते. किनाऱ्यावरच्या हवेत फोडलेली बाटली पुढच्या वेळेला ठेवायची नाही. आणि हे ऑइल रंग खातं. पेट्रोलच्या टाकीवर थेंब पडला, मेस्त्रींनी लगेच तांब्याभर पाणी ओतलं.

गाडीत असा बदल केला की मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे आरटीओकडे जावं लागतं, विम्यालाही कळवावं लागतं. ते कागद चालू आहेत. तोवर गाडी रस्त्यावर नाही, खाणवाल्यांच्या परवानगीने याच वाटेवर.

(उतार. निवेदन नाही. गाडी पूर्ण खाली येऊ द्या.)

तर्जनी क्लचवर, मधलं बोट ब्रेकवर. मागचं चाक किंचित सरकतं, पुढचं सरळ राहतं. दुसऱ्या फेरीला वळणावरही लिव्हर सुटलेली नाही.

खाली आल्यावर तक्रार एकच. क्लच पूर्ण ओढला की त्याची लिव्हर ब्रेकवरच्या मधल्या बोटाच्या पेरावर येते.

"मेस्त्री, ब्रेक जरा खाली घ्या."

"किती?"

"अर्धा बोट."

मेस्त्रींनी खिशातून ॲलन की काढली.