विहिरीभोवतीचं रान

(दृश्य: ओढ्याकाठची पाणीपुरवठ्याची विहीर, तिन्ही बाजूंनी ऊस)

सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांची पाणीपुरवठ्याची विहीर अशीच असते. वस्तीपासून लांब, ओढ्याच्या कडेला, सखल रानात. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात पाणी लागतं ते अशाच जागी. आणि पाणी आहे म्हणून ऊसही इथंच. वरच्या अंगाच्या रानात जे जे पडतं, त्याचा उतार या विहिरीकडे आहे.

(दृश्य: खताचा ढीग, वळवाचा पाऊस)

हा ढीग पाहा. कठड्याला जवळजवळ लागून. अर्धं शेणखत, अर्धं साखर कारखान्यावरून आणलेलं प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ. ट्रॉली इथपर्यंतच येते, म्हणून इथंच पालथी होते. उन्हाळ्यात खत आणून टाकायचं आणि मृगाच्या आधी रानात विस्कटायचं, ही जुनी रीत. यंदा विस्कटायच्या आधीच वळीव कोसळला. ढिगाच्या बुडातून निघालेली ही तपकिरी धार कुठं जाते, ते तुम्हीच बघा.

(दृश्य: मेंढ्यांचा कळप, संध्याकाळ. निवेदन थांबवून आवाज येऊ द्यावा.)

शेजारच्या रानात मेंढरं बसवली आहेत. रात्रभराच्या लेंड्या आणि मुतानं जमिनीला असा कस येतो, की शेतकरी मेंढपाळाला त्यासाठी धान्य किंवा पैसे देतो. खत म्हणून याला तोड नाही. फक्त ही जागा विहिरीच्या वरच्या अंगाला नको होती.

(दृश्य: उसाच्या सरीत युरिया टाकणारे हात)

आता हे पांढरे दाणे. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावून जवळपास दीड वर्षानं तुटणाऱ्या उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 400 किलो नत्राची आहे. युरियात नत्र 46 टक्के. सगळं नत्र युरियातूनच दिलं, तर एकरी 45 किलोच्या जवळपास 8 गोण्या होतात. ही शिफारस एका वेळेची नाही, चार हप्त्यांची आहे: लागणीला 10 टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी 40, मग पुन्हा 10, आणि मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाच्या बुडाला माती चढवताना, उरलेले 40. पण मजूर मिळत नाही, लाइटचा भरवसा नाही. मग दोन हप्ते एकदम पडतात आणि वरून पाटानं पाणी सुटतं.

मातीतले जिवाणू युरियाचा आधी अमोनियम करतात, मग नायट्रेट. अमोनियमला माती धरून ठेवते. नायट्रेटला धरत नाही, ते पाण्याबरोबर खाली निघतं. मुरमाड रानात ही वाट सरळच आहे. काळ्या रानात पाणी एरवी हळू मुरतं, पण उन्हाळ्यात पडलेल्या या भेगा पाहा, हात कोपरापर्यंत आत जातो. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी या भेगांतून थेट मुरमात उतरतं. मुरमाच्या खाली काळा पाषाण. तिथं पाणी अडतं आणि आडवं सरकत विहिरीच्या झऱ्यांना येऊन मिळतं.

(दृश्य: बादलीत टीसीएल कालवताना)

जलसुरक्षक रोज टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात. ते टाकायलाच हवं, त्यानं जंतू मरतात. नायट्रेटला मात्र टीसीएल काहीही करत नाही. पाणी उकळलं, तर वाफ निघून जाते आणि उरलेल्या पाण्यात नायट्रेटचं प्रमाण वाढतं. गाळून, तुरटी फिरवून ते जात नाही. चव नाही, वास नाही, रंग नाही.

(दृश्य: तपासणी संच, परीक्षानळी)

रंग दिसतो तो इथं. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत महिलांना हे संच वापरायला शिकवलं गेलं. नळीत पाणी, त्यात पूड, थोडं हलवायचं आणि थांबायचं. पाणी गुलाबी होऊ लागतं. जितका गडद रंग, तितकं नायट्रेट जास्त. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाचं वरचं दूध अशा पाण्यात कालवलं, तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते, ओठ-नखं निळी पडतात.

(दृश्य: ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचं कार्ड)

पावसाळ्याआधी आणि नंतर पाणीस्रोतांचं सर्वेक्षण होतं. जोखमीप्रमाणे लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर खोदायची नाही, हा 1993 च्या, पुढं रद्द झालेल्या कायद्यातला नियमही गावाला तोंडपाठ आहे. तो नियम होता पाणी आटू नये म्हणून. त्याच 500 मीटरांत खत कुठं ओतलं जातं, मेंढरं कुठं बसतात, हे विचारायला ग्रामसभेत सहसा कुणी उठत नाही. आमच्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

(दृश्य: फक्कीची रेघ, चर खोदताना, नेपिअरची लावण)

इथं तो विचारला गेला. विहिरीच्या वरच्या अंगाला फक्की मारून पट्टा आखला. रेघेच्या आत ढीग नाही, मेंढरं नाहीत, युरिया नाही. रेघेवर चर खणून माती वरच्या बाजूला नाही, विहिरीच्या बाजूला टाकली, म्हणजे वाहतं पाणी वळून ओढ्यात खाली जाईल. पट्ट्यात नेपिअर गवत. त्याला खत घालायचं नाही, जमिनीतलं नत्र त्यानंच ओढून घ्यायचं. चारा ज्याचं रान, त्याचा. त्याचा ऊस गेला आहे, तेव्हा एवढं तरी त्याच्या पदरात पडलंच पाहिजे. पट्ट्याबाहेरच्या उसाला ठिबक, आणि युरिया व्हेंच्युरीतून, म्हणजे ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या नळीतून, थोडा थोडा. खताचे ढीग आता रस्त्यापलीकडे, उताराच्या उलट्या बाजूला, बांधीव खड्ड्यात.

पावसाळा संपला की पाण्याचा नमुना पुन्हा प्रयोगशाळेत जाईल. मुरमात उतरलेलं नायट्रेट एका पावसात निघून जात नाही, त्याला वर्षं लागतात. तोवर लहान बाळांच्या दुधाचं पाणी गावातल्या आरओ प्लँटवरून आणायचं ठरलं आहे.