काळ्या मातीवरची भट्टी

नागपुरात परसातलं कुठलंही बांधकाम आधी काळ्या मातीला विचारून करावं लागतं. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते, मे महिन्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इथं बांधायची आहे ती विटांची भट्टी, एका बाजूला बार्बेक्यू आणि दुसऱ्या बाजूला मांस धुरावर शिजवायचा स्मोकर. काळ्या मातीवर थेट विटा रचल्या तर भट्टी कितीही सुबक असो, तडकणारच. म्हणून मिस्त्रीभाऊ अजून विटेकडे वळलेले नाहीत. त्यांनी काळी माती काढून टाकली आहे. त्या जागी मुरूम भरून, थराथराला पाणी मारून तो ठोकला आहे आणि वर सळयांची जाळी घालून काँक्रीट ओतलं आहे. हा पाया घराच्या जोत्याला कुठंच चिकटवलेला नाही. खालची जमीन हललीच, तर भट्टी अखंड हलेल, भिंतीशी ओढाताण होणार नाही.

आता विटा. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांमुळे नागपुरात राखेच्या विटा सहज मिळतात. घराच्या भिंतींना त्या चांगल्या, पण आगीजवळ नकोत. त्या भाजलेल्या नसतात, पाणी मारून पक्क्या केलेल्या असतात. बाहेरच्या भिंतीला लाल भाजकी वीट घ्या, आणि निखारे जिथं टेकतील तिथं फायर ब्रिक, म्हणजे आग सोसणारी वीट. सिमेंटचा माल बाहेरच चालतो. ४००-५०० अंशांच्या वर सिमेंटची पकड सुटू लागते. आतल्या सांध्यांना फायर क्ले, म्हणजे आग सोसणारी मातीच हवी, तीही अगदी पातळ. आतलं अस्तर आणि बाहेरची भिंत यांत अर्धा इंच मोकळा ठेवा, कारण तापलेली वीट फुगते. ही फट पुढं कुणाच्या नजरेला पडणार नाही, पण भट्टीचं आयुष्य तिच्यावरच आहे.

डावीकडं बार्बेक्यू: खाली निखारे, वर जाळी. जाळी स्टेनलेस स्टीलची घ्या. जस्ताचा मुलामा असलेली तापली की तिचा धूर अंगाला बाधतो.

उजवीकडचा स्मोकर मात्र उलट्या स्वभावाचा. इथं आग अन्नाखाली नसते, बाजूच्या खालच्या कप्प्यात असते. धूर तिथून वर खोलीत येतो, मांसावरून फिरतो आणि समोरच्या टोकाच्या धुराड्यातून निघून जातो. खोलीत १०५ ते १२० अंश राखायचे, तेही तासन् तास. त्यासाठी हवेच्या झडपेवर हात बसावा लागतो. पांढरा, दाट धूर म्हणजे आग गुदमरते आहे. मटण कडवट होईल. धूर पातळ, निळसर दिसला की मटणाची मांडी आत ठेवावी.

आणि लाकूड! या बाबतीत नागपूरकर खरंच भाग्यवान आहेत. काटोल-नरखेडकडं संत्र्याच्या बागांत बहार संपला की वाळक्या फांद्या, म्हणजे सल, काढतात. संत्र्याच्या लाकडाचा धूर सौम्य असतो, कोंबडीला फार शोभतो. फक्त बागवानाला विचारून घ्या. खोडाला बोर्डो मलम लावतात, त्यात मोरचूद असतं. ते लागलेलं लाकूड आणि बुरशी धरलेली सल दोन्ही बाजूला काढा. निखाऱ्यांसाठी बाभूळ उत्तम. कडुनिंब, रंगवलेल्या फळ्या आणि प्लायवूड कधीच नाही.

बांधकाम झालं की लगेच मोठी आग पेटवायची नाही. विटांत मुरलेलं पाणी वाफ होऊन सांधे फोडतं. काही दिवस रोज छोटी आग, दर वेळी थोडी वाढवत. पावसाळ्यापूर्वी धुराड्यावर टोपी बसवून घ्या.

मग पहिल्या दिवशी काय करावं? कोंबडी स्मोकरमध्ये राहू द्या, आतलं मांस ७४ अंशांना पोचेपर्यंत. पण बार्बेक्यूच्या बाजूला रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, झालेच पाहिजेत. त्यांच्यासाठी जाळी काढून ठेवा, लाकडाऐवजी गोवऱ्या पेटवा आणि विस्तवातच भाजा. सोबत वरण आणि वांग्याची भाजी.