धोतरांचं गाव, पुण्याचे मालक: ब्लॅकबर्न रोव्हर्सची दीडशे वर्षं

(पडदा काळा. फक्त मागांचा खडखडाट.)

तुमच्या पणजोबांचं धोतर कुठे विणलं गेलं असेल? सोलापूरला असेल, नागपूरला असेल, परळच्या एखाद्या गिरणीत असेल. पण साल १९१०च्या आसपासचं असेल आणि घरात स्वदेशीचं वारं शिरलेलं नसेल, तर ते ब्लॅकबर्नहून आलेलं असण्याची शक्यता बरीच आहे.

ब्लॅकबर्न म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेला, लँकेशायरमधलं गिरण्यांचं गाव. तिथे कातण्यापेक्षा विणण्यावर भर, आणि विणायचं ते मुख्यतः हिंदुस्थानच्या बाजारासाठी. काठाची धोतरं हा तिथला खास माल. धोतर नेसलेला माणूस ज्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता, अशा बायका दिवसभर मागांपुढे उभ्या राहून आपल्यासाठी काठ विणत होत्या. त्या आवाजात शेजारणीचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून त्या एकमेकींचे ओठ वाचायला शिकल्या. गिरणगावात साचेखात्यात ज्यांनी काम केलंय, त्यांना हे समजावून सांगायला नको.

या गावाचा एक फुटबॉल क्लब आहे, ब्लॅकबर्न रोव्हर्स. धोतरं तिकडून यायची थांबली, त्यानंतर कित्येक दशकं उलटली, आणि २०१० साली पुण्याच्या एका घराण्याने तो क्लब विकत घेतला. आजची गोष्ट त्या क्लबची.

(जुनं छायाचित्र: खेळाडू ओळीने उभे. सदरा अर्धा निळा, अर्धा पांढरा.)

५ नोव्हेंबर १८७५. सेंट लेजर हॉटेलात काही तरुण जमले आणि क्लब ठरला. ही मुलं खात्यापित्या घरांतली, चांगल्या शाळांत शिकलेली. गिरणीतल्या माणसाला खेळायला वेळ मिळाला तो कायद्यामुळे. १८५०च्या कारखाना कायद्याने शनिवारी दुपारी दोननंतर स्त्रिया आणि मुलांकडून काम करून घ्यायला बंदी आली. त्यांच्याशिवाय गिरणी चालायची कशी? मग सगळ्यांचाच शनिवार दुपारनंतर मोकळा झाला. इंग्लंडमध्ये फुटबॉल शनिवारी दुपारी तीनला का सुरू होतो, याचं मूळ गिरणीच्या भोंग्यात आहे.

आता एक गोष्ट रोव्हर्सची नाही, त्यांच्या शेजाऱ्यांची आहे. पण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. याच गावात ब्लॅकबर्न ऑलिंपिक नावाचा दुसरा संघ होता. त्यात विणकर, सूत कातणारे, नळकाम करणारे, लोखंडाच्या ओतशाळेतले कामगार. १८८३ साली हा संघ एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात पोचला. समोर ओल्ड ईटोनियन्स, म्हणजे ईटन या राजेरजवाड्यांच्या शाळेचे माजी विद्यार्थी. सामन्याआधी ऑलिंपिकवाल्यांनी समुद्रकाठी ब्लॅकपूलला जाऊन सराव केला. सामन्यासाठी असा खास सराव करणं तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हतं. लंडनच्या ओव्हल मैदानावर जादा वेळेत जिमी कॉस्टली या गिरणी कामगाराने गोल केला आणि ऑलिंपिक २-१ने जिंकले. साहेबांचा खेळ त्या दिवशी कामगारांचा झाला. ऑलिंपिक संघ मात्र पुढे सहाच वर्षांत पैशाअभावी बंद पडला.

कप गावातच राहिला. १८८४, १८८५, १८८६ अशी सलग तीन वर्षं तो रोव्हर्सने जिंकला. तसं त्यानंतर आजपर्यंत कोणालाही जमलेलं नाही. रोव्हर्सकडे फर्गी सूटर नावाचा एक खेळाडू होता. मूळचा स्कॉटलंडमधला पाथरवट. खेळण्यासाठी पैसे घेणं नियमाविरुद्ध होतं, तरी तो लँकेशायरला आला तो खेळावर पोट भरायलाच, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी १८८५ साली नियमच बदलला. १८८८ला १२ क्लबांनी मिळून जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू केली, त्यात रोव्हर्स होते. पुढे १९९२ला प्रीमियर लीग, म्हणजे आजची सगळ्यात वरची श्रेणी, सुरू झाली, तिच्यातही होते. दोन्ही पहिल्या पंगतींना बसलेले क्लब तीनच: ॲस्टन व्हिला, एव्हर्टन आणि रोव्हर्स.

(इवुड पार्कचं आजचं दृश्य. हळूहळू जुन्या छायाचित्रात विरघळतं.)

१८९०पासून रोव्हर्सचं घर इवुड पार्क. गावात पैसा होता तोवर क्लबातही होता. लॉरेन्स कॉटन नावाचे गिरणीमालक अध्यक्ष झाले, त्यांनी हात सैल सोडला, आणि १९१२ व १९१४ साली रोव्हर्स लीगचे विजेते ठरले. तेव्हाचा कप्तान बॉब क्रॉम्प्टन हा गावातच जन्मलेला, नळकामाचा धंदा शिकलेला. तो इंग्लंडचाही कप्तान होता आणि क्लबासाठी ५२८ लीग सामने खेळला.

मग महायुद्ध आलं आणि कापडाचा बाजार फिरला. मुंबईच्या, अहमदाबादच्या गिरण्या वाढल्या, जपानी माल आला, स्वदेशी आलं. ३१ जुलै १९२१ रोजी परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींनी परदेशी कापडाची होळी पेटवली. त्या ढिगात ब्लॅकबर्नचं कापड नसेल असं मला वाटत नाही.

दहा वर्षांनी, सप्टेंबर १९३१मध्ये, तेच गांधीजी लँकेशायरला गेले. गोलमेज परिषदेसाठी लंडनला आले होते, म्हणाले, बेकार झालेल्या कामगारांना भेटायचंय. ते उतरले डार्वेनला, ब्लॅकबर्नच्या अगदी शेजारी. ते छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल: पंचा नेसलेले गांधीजी मधोमध, आणि भोवती गिरणीतल्या बायका हात उंचावून हसताहेत. ज्याच्यामुळे काम गेलं असं वर्तमानपत्रं सांगत होती, त्याचंच त्या स्वागत करत होत्या. इवुड पार्कच्या एका टोकाला आजही ‘डार्वेन एंड’ म्हणतात.

गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. १९२८ला रोव्हर्सने एफए कप सहाव्यांदा जिंकला, त्यानंतर फार सांगण्यासारखं नाही. १९६०ला अंतिम सामन्यात हार. १९६६ला वरच्या श्रेणीतून खाली. मग वर्षानुवर्षं दुसरी श्रेणी, मध्ये काही वर्षं तिसरी.

इथे एक खुलासा करायला हवा. आपण आयपीएल बघणारी माणसं. आयपीएलमध्ये तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा त्याच स्पर्धेत असतो. इंग्लंडमध्ये तळाचे संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात, आणि खाली गेलं की टीव्हीचा पैसा जातो, खेळाडू जातात, कधीकधी क्लबच बुडतो.

(पोलादाचा कारखाना. ठिणग्या.)

जॅक वॉकर ब्लॅकबर्नचाच. वडिलांचं पत्र्याच्या कामाचं छोटं दुकान त्याने आणि त्याच्या भावाने पोलादाच्या मोठ्या उद्योगापर्यंत नेलं. तो उद्योग ब्रिटिश स्टीलला विकून हातात आले ३० कोटी पौंडांहून अधिक. लहानपणापासून ज्या क्लबासाठी जीव टाकला, तो त्याने १९९१ साली ताब्यात घेतला. लिव्हरपूल गाजवलेले केनी डॅल्ग्लिश प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हा रोव्हर्स दुसऱ्या श्रेणीत होते. सात-आठ महिन्यांत संघ वर आला. त्याच उन्हाळ्यात गोल करण्यात तरबेज असा ॲलन शिअरर आला, ३३ लाख पौंडांना. दोन वर्षांनी ५० लाखांना ख्रिस सटन. मँचेस्टरची वर्तमानपत्रं म्हणायची, पैशाने विकत घेतलेला संघ. असेल. पण तो पैसा गावातल्या माणसाने गावात कमावलेला होता, आणि मला हा फरक फार मोठा वाटतो.

१४ मे १९९५. हंगामाचा शेवटचा दिवस. रोव्हर्स ८९ गुणांवर, मँचेस्टर युनायटेड ८७वर. युनायटेड जिंकलं आणि रोव्हर्सला जिंकता आलं नाही, तर सगळं गेलं. रोव्हर्सचा सामना कुठे? ॲनफिल्डला, लिव्हरपूलच्या घरी, डॅल्ग्लिश यांच्याच जुन्या अंगणात. शिअररने पहिला गोल केला, मोसमातला त्याचा ३४वा. मग लिव्हरपूलने बरोबरी साधली. आणि अगदी शेवटच्या क्षणी जेमी रेडनॅपच्या फ्री किकवर चेंडू जाळ्यात. रोव्हर्स हरले, १-२.

पण तिकडे लंडनमध्ये वेस्ट हॅमच्या गोलरक्षकाने युनायटेडला थोपवून धरलं होतं. १-१. बातमी पोचली आणि हरलेला संघ नाचू लागला. ८९ विरुद्ध ८८. त्यांचं अभिनंदन करायला ॲनफिल्डचे प्रेक्षकही उभे राहिले. ८१ वर्षांनी विजेतेपद परत आलं, लाख-सव्वालाख वस्तीच्या गावात. जॅक वॉकरचे डोळे भरून आलेले त्या दिवशीच्या चित्रफितीत दिसतात. शिअररने दुसऱ्या दिवशी काय केलं? घराच्या कुंपणाला रोगण लावलं. हे त्याने स्वतःच सांगितलंय.

ते शिखर होतं. पुढच्याच वर्षी शिअरर दीड कोटी पौंडांना न्यूकॅसलला गेला, तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी रक्कम. १९९९ला संघ खाली घसरला. ऑगस्ट २०००मध्ये वॉकर वारले, आणि त्याच हंगामात संघ पुन्हा वर चढला. २००२ला लीग कप जिंकला. वॉकरांच्या माघारी क्लब त्यांच्या कुटुंबाच्या ट्रस्टकडे होता, आणि ट्रस्टला तो विकायचा होता.

(पुणे. कुक्कुटपालन केंद्र, पिवळी पिलं.)

डॉ. बी. व्ही. राव यांना भारतीय कुक्कुटपालनाचे जनक म्हणतात. गावोगावच्या पोल्ट्रीवाल्याला अंड्याला भाव मिळावा म्हणून १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, त्यामागे तेच. त्यांचा वेंकटेश्वरा हॅचरीज समूह, बाजारातलं नाव वेंकीज. नोव्हेंबर २०१०मध्ये त्यांची मुलगी अनुराधा देसाई आणि मुलगे वेंकटेश व बालाजी यांच्या या समूहाने २ कोटी ३० लाख पौंडांना क्लब घेतला. आपल्या पैशांत दीडशे कोटींहून अधिक, शिवाय डोक्यावरचं कर्ज वेगळं. प्रीमियर लीगच्या क्लबावर भारतीय मालकी, हे पहिल्यांदाच घडत होतं. पुण्यात अनेकांना अभिमान वाटला, मलाही वाटला.

महिन्याच्या आत अनुभवी प्रशिक्षक सॅम ॲलर्डाइस यांना काढलं. त्यांच्या जागी आलेल्या स्टीव्ह कीन यांनी याआधी कुठेच मुख्य प्रशिक्षक म्हणून काम केलं नव्हतं. ब्राझीलच्या नामांकित रोनाल्डिन्योला आणण्याच्या गोष्टी झाल्या. खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये चिकन खाताहेत अशी जाहिरात निघाली. ऑक्टोबर २०११मध्ये संघ पुण्याला आला, बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळला आणि ३-०ने जिंकला. तिकडे इंग्लंडमध्ये मात्र संघ हरत होता आणि प्रेक्षक दर आठवड्याला निदर्शनं करत होते.

७ मे २०१२. इवुड पार्कवर विगनविरुद्ध सामना. कोणीतरी निळा-पांढरा कपडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. जगभर तेवढंच दाखवलं गेलं. रोव्हर्स १-०ने हरले आणि प्रीमियर लीगमधून बाहेर पडले. आजपर्यंत परतलेले नाहीत.

त्यानंतरच्या एकाच हंगामात प्रशिक्षक येत-जात राहिले. हेनिंग बर्ग, १९९५च्या विजेत्या संघातला खेळाडू, ५७ दिवस टिकला. २०१७ साली शेवटचा सामना जिंकूनही संघ गोलफरकावर, म्हणजे गुण सारखे असताना केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांच्या हिशेबावर, तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबावर अशी वेळ याआधी आली नव्हती. टोनी मोब्रे यांनी वर्षभरात संघ परत वर आणला, आणि २०२३ला प्लेऑफची, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये चढण्यासाठीच्या शेवटच्या सामन्यांची, जागा पुन्हा गोलफरकाने हुकली.

मालकांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगायला हवं. राव कुटुंबाने या क्लबात २० कोटी पौंडांहून जास्त ओतले आहेत. इतके पैसे घालवून दुसरा कोणी केव्हाच निघून गेला असता. अलीकडे तर भारतातून पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली, तरी पाठवले. पण इवुड पार्कवर मालकांची खुर्ची वर्षानुवर्षं रिकामी राहिली. लोकांना पैशाइतकंच माणूस हवं होतं. हरल्यावर ज्याच्यावर ओरडता येईल, आणि जिंकल्यावर ज्याच्या गळ्यात पडता येईल, असं.

पैसा आखडला की काय होतं? ॲडम व्हार्टन ब्लॅकबर्नचा, सहाव्या वर्षापासून क्लबाच्या अकादमीत. २०२४च्या सुरुवातीला त्याला विकावं लागलं. त्याच उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या संघात होता. कीरा वॉल्श, जॉर्जिया स्टॅनवे अशा युरोप जिंकणाऱ्या मुली ज्या महिला संघात घडल्या, तो २०२५ला खर्च पेलत नाही म्हणून दुसऱ्या श्रेणीतून मागे घेतला गेला. क्लबाला दीडशे वर्षं झाली ती त्याच वर्षी. मला हे फार लागलं.

(२ मे २०२२. इवुड पार्क. सकाळ.)

आता हे दृश्य पाहा. हिरवळीवर जाजमं, त्यावर ओळीने बसलेली शेकडो माणसं. ईदची नमाज. इंग्लंडमधल्या कुठल्या फुटबॉल क्लबाने आपल्या मैदानावर ती ठेवली, असं हे पहिल्यांदाच. गिरण्यांना अखेरच्या काळात रात्रपाळीला माणसं मिळेनात, तेव्हा गुजरातमधून, पंजाबातून माणसं इथे आली. गिरण्या गेल्या, ती राहिली. त्यांची नातवंडं आज निळा-पांढरा सदरा घालतात.

(कॅमेरा हिरवळीवरून वर उचलतो.)

वॉकर यांनी या मैदानाच्या तीन बाजू नव्याने बांधल्या. चौथी राहिली. नदीकडची, सगळ्यात लहान, मध्ये खांब असलेली. ती १९८७-८८ची. वॉकर तेव्हा मालक नव्हते. गावातला एक प्रेक्षक होते, आणि त्या बाजूचं पोलाद त्यांच्या कारखान्यातून आलं होतं. तिथे बसलं की खांब मध्ये येतो, चेंडू दिसत नाही. माणसं मान वाकडी करून बघतात.