पेन आत राहिलं

[दृश्य : अंधारी खोली. लॅपटॉप चालू. स्क्रीनच्या उजव्या बाजूला काळा डाग, त्यातून खाली उतरणाऱ्या रंगीत उभ्या रेघा.]

हा डाग शाई सांडल्यासारखा दिसतो. शाई नाही ती. स्क्रीनच्या आत दोन पातळ काचा असतात आणि त्यांच्या मधे द्रव स्फटिकाचा एक थर, आपल्या केसापेक्षाही कितीतरी पातळ. काच तडकली की तो थर जागचा हलतो, आणि तेवढ्या भागातलं चित्र जातं.

घडलं ते अगदी साधं. भाची रात्री उशिरा अभ्यास संपवून उठली. कीबोर्डवर बॉलपेन तसंच राहिलं आणि तिनं झाकण मिटलं. ती म्हणते, "मावशी, आवाजसुद्धा नाही आला गं." बरेचदा येतच नाही. सकाळी झाकण उघडल्यावरच कळतं.

आज स्क्रीन बदलायचं हे काम आम्ही दोघी मिळून करणार आहोत. हात तिचे, सांगणं माझं. सुरुवात करायच्या आधी तिला एकच गोष्ट सांगितली, तीच तुम्हालाही सांगते. स्क्रीन काढायला ताकद लागत नाही. जिथे जोर लावावासा वाटेल, तिथे काहीतरी काढायचं राहून गेलेलं असतं. एखादा झाकलेला स्क्रू असेल, एखादी टेप असेल. अशा वेळी हात थांबवायचा आणि बघायचं.

[दृश्य : एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरातल्या टीव्हीला जोडलेला. टीव्हीवर चित्र स्वच्छ.]

पण त्याआधी, दोष खरंच स्क्रीनचाच आहे का ते पाहायचं. लॅपटॉप टीव्हीला जोडला. टीव्हीवर चित्र नीट आलं, म्हणजे आतलं बाकी सगळं ठीक आहे. आमच्याकडे तडा डोळ्यांना दिसतच होता, पण तो नसता तर ही तपासणी फार कामाची. झाकण पुढेमागे हलवल्यावर चित्र येत-जात असेल, तर संशय बिजागरीतून वर जाणाऱ्या केबलवर घ्यायचा. आणि स्क्रीन पूर्ण काळी असेल तर अंधारात तिच्यावर तिरकी टॉर्च मारून पाहायची. पुसट चित्र दिसलं तर चित्र बनतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. हे न पाहता नवीन पॅनेल, म्हणजे चौकटीच्या आतली अख्खी स्क्रीन, मागवलं तर पैसे वाया जाऊ शकतात.

आता बॅटरी. इथे मी जरा थांबणार आहे, कारण मी स्वतः इथेच चुकले होते.

पहिल्यांदा स्क्रीन बदलली तेव्हा मी लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला आणि थेट स्क्रीनभोवतीची चौकट उघडली. बॅटरी आत तशीच जोडलेली. नवीन पॅनेलची केबल बसवताना किंचित तिरकी गेली. नंतर लॅपटॉप चालू केला, तर चित्र होतं, उजेड नव्हता. टॉर्च मारल्यावरच चित्र दिसत होतं. मदरबोर्डवर मागच्या उजेडासाठी एक फ्यूज असतो, तिळाएवढा, तो उडाला होता. दुकानातल्या एका कारागिरानं सूक्ष्मदर्शकाखाली धरून तो बदलून दिला, तेव्हा कुठे सुटले. लॅपटॉप बंद असला म्हणून केबलमध्ये वीज नसेलच असं नाही. बॅटरी जोडलेली आहे तोवर ती असू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून क्रम असा. लॅपटॉप पूर्ण बंद करायचा, नुसता झोपवायचा नाही. चार्जर काढायचा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी खालच्या बाजूची खटकी सरकवली की बाहेर येते. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये ती आत असते, तिथे तळाचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवावा लागतो. तो वायरींना धरून ओढायचा नाही, कनेक्टरच्या दोन्ही कानांना प्लास्टिकच्या टोकानं आळीपाळीने सरकवायचं. बॅटरी सुटली की पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरायचं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. आणि बॅटरीला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लागू द्यायचं नाही, कधीच नाही. ती फुगलेली दिसली तर काम तिथेच थांबवायचं आणि लॅपटॉप जाणकाराकडे न्यायचा.

साधारण 2010च्या आधीचा लॅपटॉप असेल तर आणखी एक खबरदारी. त्या काळच्या बऱ्याच स्क्रीनमध्ये उजेडासाठी बारीक काचेची नळी असायची, ट्यूबलाइटच्या जातीची. तिच्यात थोडा पारा असतो आणि तिला शेकडो व्होल्ट लागतात. अशी स्क्रीन फुटली असेल तर घरी उघडू नका. हल्ली तिथे एलईडीची पट्टी असते.

[दृश्य : टेबलावर जुनी सुती चादर. त्यावर लॅपटॉप, बाजूला कोरा कागद, छोटे स्क्रू ड्रायव्हर, गिटार वाजवायची प्लास्टिकची पट्टी.]

चादर अंथरली, दिवा लावला. भाचीला चष्मा घालायला लावला, मीही घातला. फुटलेल्या काचेवर आडव्याउभ्या सेलोटेपच्या पट्ट्या मारल्या, म्हणजे कपच्या सुटल्या तर टेपला चिकटून राहतील. तडा खोल असेल आणि आतलं द्रव हाताला लागलं तर साबणानं हात स्वच्छ धुवायचे, आणि तोवर डोळ्यांना हात लावायचा नाही.

कोऱ्या कागदावर तिनं लॅपटॉपचं चित्र काढलं. जो स्क्रू जिथून निघेल, तो कागदावर तिथेच सेलोटेपनं चिकटवायचा. हे पोरखेळासारखं वाटेल, पण लॅपटॉपचे स्क्रू दिसायला सारखे आणि लांबीला वेगळे असतात. तीन मिलिमीटरच्या जागी पाच मिलिमीटरचा गेला तर तो पलीकडे जाऊन टेकतो, आणि पलीकडे कधी बोर्ड असतो, कधी नवीन पॅनेलची पाठ.

आता चौकट. स्क्रीनच्या भोवतीची ही काळी प्लास्टिकची किनार. दुकानात तिला बेझल म्हणतात. खालच्या दोन कोपऱ्यांत रबराची गोल बटणं दिसतात. ती नुसती शोभेची वाटतात, पण नखानं उचकटली की खाली स्क्रू निघतो. आमच्या लॅपटॉपला दोन निघाले. कुठे चार असतात, कुठे एकही नसतो.

[दृश्य : अगदी जवळून. चौकटीच्या आतल्या कडेत शिरणारं नख. आवाज : टक्.]

हा आवाज ऐकून भाचीनं हात मागे घेतला. "तुटलं!" नाही तुटलं. चौकट प्लास्टिकच्या बारीक खटक्यांनी मागच्या झाकणाला धरलेली असते, त्यातली एक सुटली. हा "टक्" सुटण्याचा आवाज. मोडण्याचा आवाज कोरडा असतो, "कट्" असा, आणि त्याआधी प्लास्टिक वाकलेलं बोटाला जाणवतं. दोन-चार खटक्यांनंतर हा फरक कानाला कळायला लागतो. तिलाही कळला. पाचव्या खटकीपासून तिचा चेहराच बदलला.

नख किंवा प्लास्टिकची पट्टी चौकटीच्या आतल्या कडेला घालायची, म्हणजे स्क्रीन आणि चौकट यांच्या फटीत, आणि चौकट बाहेरच्या बाजूला, स्वतःकडे उचलायची. काचेवर टेकू घ्यायचा नाही. लोखंडी पाते किंवा सुरी नको, तिने कडा चावल्यासारख्या होतात आणि घसरली तर बोट जातं. आम्ही वरच्या कडेच्या कोपऱ्याजवळून सुरुवात केली. मधे नाही, कारण वर मधोमध कॅमेरा आणि त्याची बारीक केबल असते. तिथे पट्टी फक्त टोकापुरती आत घालायची. मग दोन्ही बाजूंनी खाली उतरायचं. बिजागऱ्यांजवळचा भाग सगळ्यात शेवटी, कारण तिथे चौकट वळलेली असते आणि अडकून बसते. झाकण थोडं पुढेमागे करून पाहिलं की ती स्वतःहून सुटायला जागा देते.

काही लॅपटॉपची चौकट डबल टेपनं चिकटवलेली असते. तिथे हेअर ड्रायरची कोमट हवा, एका जागी न धरता फिरवत, मिनिटभर दिली की टेप नरम पडते.

चौकट निघाली. आता समोर चंदेरी कडांचं पॅनेल दिसतं. चार कोपऱ्यांत चार स्क्रू. आधी खालचे दोन काढायचे, मग वरचे, आणि वरचे काढताना दुसऱ्या हातानं पॅनेल धरून ठेवायचं, नाहीतर ते तोंडावर आपटतं. कीबोर्डवर मऊ फडकं टाकायचं आणि पॅनेल पुढे झोपवायचं, पुस्तकाचं पान उलटावं तसं. ओढायचं नाही. केबल अजून मागे जोडलेली आहे.

हल्लीच्या पातळ लॅपटॉपमध्ये हे चार स्क्रूही नसतात. पॅनेलच्या मागे, दोन्ही बाजूंना, ताणून काढायच्या टेपा असतात. खाली त्यांचं टोक डोकावतं. ते बोटाला गुंडाळून अगदी सपाट, हळूहळू ओढायचं. टेप च्युइंगगमसारखी लांब होत जाते आणि सुटते. घाई केली की मधेच तुटते आणि मग पॅनेल मागून खरवडत बसावं लागतं.

पॅनेल कुठे धरायचं? बाजूच्या कडांना. खालच्या कडेला नाही. तिथे एक अरुंद हिरवी पट्टी असते, कधी टेपखाली झाकलेली. चित्राचे सगळे संदेश त्या पट्टीवरून काचेत जातात, आणि काचेला जोडणाऱ्या तिच्या फिती कागदासारख्या नाजूक असतात. नवं पॅनेल बसवताना तिथे अंगठा दाबला गेला की एखादी उभी रेघ कायमची उमटू शकते.

[दृश्य : पॅनेलची पाठ. पारदर्शक टेप. त्याखाली चपटा कनेक्टर.]

आता सगळ्यात नाजूक जागा. ह्या केबलमधून चित्र येतं आणि उजेडाची वीजही येते. आधी पारदर्शक टेप सोलायची, पण फेकायची नाही, तीच परत लावायची आहे. बऱ्याच कनेक्टरवर तारेची छोटी कडी असते, बादलीच्या कडीसारखी. ती उभी करायची. मग कनेक्टर वर उचलायचा नाही. तो पॅनेलला समांतर सरकवायचा, काडेपेटीचा खण सरकवतो तसा. भाचीनं वर उचलायला सुरुवात केली होती, मी तिचा हात धरला. कनेक्टरच्या पिना केसासारख्या असतात, वर उचललं की वाकतात.

सुटली केबल. पॅनेल तिच्या दोन्ही हातांत आलं. "एवढंसंच वजन?" एवढंसंच.

पाठीवर एक लेबल आहे. नवीन पॅनेल ह्या लेबलवरच्या नंबरावरून घ्यायचं, लॅपटॉपच्या नावावरून नाही. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळी पॅनेल लावलेली असतात, कारण पॅनेल बनवणारे वेगळेच असतात: एलजी डिस्प्ले, एयूओ, बीओई, इनोलक्स. नंबर वाचायला कठीण नाही. 'एलपी 156 डब्ल्यूएफ' अशी सुरुवात असेल तर एलपी म्हणजे एलजीचं, 156 म्हणजे 15.6 इंच, आणि डब्ल्यूएफ म्हणजे फुल एचडी, 1920 बाय 1080. डब्ल्यूएच असेल तर 1366 बाय 768. त्याशिवाय तीन गोष्टी जुळायला हव्यात: कनेक्टरच्या पिना तीस की चाळीस, कनेक्टर कोणत्या बाजूला, आणि स्क्रूचे कान कुठे, वर-खाली, बाजूला की मुळीच नाहीत. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणार असाल तर जुनं पॅनेल जाड पुठ्ठ्यात बांधून सोबतच न्या. समोरासमोर ठेवून पाहिलं की चूक होत नाही.

[दृश्य : चार दिवसांनंतर. खोका उघडतो. नवीन पॅनेल.]

बसवणं म्हणजे उलटा प्रवास, पण एक गोष्ट मधे घालायची. चौकट लगेच लावायची नाही. केबल सरळ सरकवली, कडी पाडली, टेप लावली. पॅनेल जागेवर धरलं, मग बॅटरी जोडली आणि लॅपटॉप चालू केला. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पाच रंग पूर्ण स्क्रीनभर लावून पाहिले. काळ्यावर एखादा ठिपका चमकत असेल किंवा पांढऱ्यावर एखादा काळा राहिला असेल तर तो आत्ताच दिसायला हवा, कारण चौकट बसवून झाल्यावर दुकानदार परत घ्यायला कुरकुर करतो. ठिपका नव्हता. मग पुन्हा बंद, पुन्हा बॅटरी सोडवली, चार स्क्रू बसवले आणि चौकट बोटांनी दाबत नेली. टक्, टक्, टक्. ह्या वेळी ती दचकली नाही.

हे सगळ्याच लॅपटॉपना जमतं असं मात्र नाही. पुढची काच आणि पॅनेल एकमेकांना चिकटवलेले असतील, बऱ्याच टचस्क्रीनमध्ये असतात, तर घरी सोडवायला जाऊ नका, आतलं पॅनेलही फुटतं. मॅकबुकमध्ये बहुतेक वेळा झाकणासकट पूर्ण भाग बदलतात. मला ह्याचं वाईट वाटतं. कारण दुसरीकडे 2021मध्ये आलेल्या, फ्रेमवर्क नावाच्या कंपनीच्या लॅपटॉपची चौकट चुंबकाने बसते, बोटाने निघते. म्हणजे ठरवलं तर करता येतं. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती तिथे द्यावी, हा त्याचा हेतू. लॅपटॉप घेतानाच "ह्याची स्क्रीन वेगळी मिळते का?" असं दुकानात विचारायला काहीच हरकत नाही. मी विचारते.

[दृश्य : फुटकं पॅनेल वर्तमानपत्रात गुंडाळताना भाचीचे हात.]

राहिलं जुनं पॅनेल. द्रव स्फटिक माणसाला पहिल्यांदा दिसला तो 1888मध्ये, प्रागमध्ये, फ्रीडरिश रायनित्झर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाला. एक पदार्थ तापवताना त्याला दोनदा वितळताना दिसला: आधी गढूळ झाला, मग आणखी तापवल्यावर स्वच्छ. त्या गढूळ अवस्थेचाच पुढे पडदा झाला. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिनं गुंडाळलेलं वर्तमानपत्र पुन्हा उघडलं आणि तो काळा डाग उजेडात धरून पाहिला.

पॅनेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचं नाही. ते ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यायचं. तिनं वर्तमानपत्राभोवती पुठ्ठा लावला, सुतळी बांधली आणि वर मार्करनं लिहिलं : फुटकी काच. सांभाळून.