पागोळी कुठे पडते?

(दृश्य: जुलै. माहीममधली पश्चिमेची खिडकी. काचेवर पावसाचे सपकारे.)

मुंबईत पाऊस वरून पडतो, असं खिडकी पूर्वेला असणाऱ्यांनी म्हणावं. समुद्रावरून वारा आला की तो आडवाच येतो. ओव्हल मैदानासमोरच्या आर्ट डेको इमारती बघा. २०१८ साली त्या जागतिक वारसा यादीत गेल्या. खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे आहेत. ऊन आणि सरळ पाऊस ते अडवतात, पण तिरकं पाणी काचेवर येतंच. तिथून ते ओघळतं खिडकीखालच्या दगडी पट्टीवर.

दुकानात आपण बघतो रंग. काळा ग्रॅनाइट की लाल? कुठलाही घ्या. विचारायचं ते ढाळाचं. दहा सेंटीमीटरला एक सेंटीमीटर, तोही बाहेरच्या अंगाला. सपाट बसवलेल्या पट्टीवर पाणी साचतं आणि चौकटीखालून घरात शिरायची वाट शोधतं.

(दृश्य: मिस्त्री पट्टी उलटी धरतो. खालून लांबलचक खाच.)

ही खाच नीट बघा. काठापासून दोनेक सेंटीमीटर आत, पेन्सिल मावेल एवढी, कटरने मारलेली. चहा बशीत ओतताना कपाच्या बुडाकडे ओघळतो ना, पट्टीवरचं पाणीही तसंच करतं. काठावरून सुटत नाही, दगडाला चिकटून खालून भिंतीकडे परततं. खाचेपाशी त्याची वाट तुटते आणि थेंब खाली पडतो. त्यासाठी पट्टी गिलाव्याच्या चार-पाच सेंटीमीटर बाहेर हवी. भिंतीला समतल कापलेली पट्टी दिसते झकास. आतले पोपडे मात्र तिचेच.

रंगकाम करताना ही खाच लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवून वरून रंग मारणारे महाभागही आहेत. शिडी निघायच्या आत खालून हात फिरवून बघा.

जाळीचे पाय पट्टीत भोक पाडून रोवू नका, बाजूच्या भिंतीत घ्या. आणि स्लायडिंगच्या रुळाला पाणी जायची भोकं असतात, सिलिकॉन मारताना ती वाचवा.

(दृश्य: मे महिना. हातात तांब्या.)

तांब्याभर पाणी पट्टीवर हळूहळू ओता. आधी खालच्या मजल्यावर सांगा, त्यांचे कपडे वाळत असतील. थेंब भिंतीपासून दूर पडले तर ठीक. भिंतीवर काळपट ओघळ उतरला, तर कटरवाल्याला याच आठवड्यात बोलवा. जूनमध्ये तो फोन उचलत नाही.