मन कुठे आहे?

नमस्कार मंडळी. विषय मोठा आणि वेळ थोडा, म्हणून एकच मुद्दा घेतो.

मन थाऱ्यावर नाही, याचं खापर आपण हमखास मोबाइलवर फोडतो. मोबाइल साळसूद आहे असं मी म्हणत नाही. पण २०१० साली मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २,२५० जणांना दिवसातून केव्हाही गाठून विचारलं : आत्ता काय करताय, आणि मन कुठे आहे? (गाठलं मोबाइलवरूनच, ही त्यातली गंमत!) जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. आणखी एक : सुखद विचारांत रमलेली माणसंही कामात असलेल्यांपेक्षा जास्त आनंदी नव्हती. मला हे जास्त बोचलं. म्हणजे मनोरे रचण्यातही फायदा नाहीच.

'मन रिकामं करा' हा उपदेश मला कधी पटला नाही. विपश्यनेतल्या आनापानातही मन रिकामं करत नाहीत. त्याला काम देतात. येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा जाणायचा, मुद्दाम लांबवायचा नाही.

झाडाकडे बघणं त्याच जातीचं. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये मांडलं, की कामावर जोर लावून धरलेलं लक्ष थकतं. निसर्ग त्याला न ओढता गुंतवतो, म्हणून ते सावरतं.

पाऊस थांबल्यावर खोडाला अगदी खेटून उभं राहा. सालीच्या भेगांतून पाणी उतरतच असतं. भेग वळते तिथे थेंब अडतो, मागून दुसरा येऊन मिळाला की दोन्ही मिळून घसरतात. एखादी मुंगी ओल टाळत कडेकडेने वर निघालेली असते. तेवढ्यात उद्याच्या मीटिंगचा विचार येतोच. येऊ द्या, त्याच्याशी भांडू नका. पुन्हा मुंगीकडे या. माझ्या लेखी साधना म्हणतात ती हीच, परत येण्याची. फोटो मात्र काढू नका. काढला की 'नंतर बघू' म्हणून आपण मोकळे होतो.

यात देव कुठे आला, असं कुणी विचारेल. नाम घेणाऱ्याने तिथे उभं राहून खुशाल नाम घ्यावं. देव न मानणाऱ्यालाही मुंगी दिसतेच, आणि मला त्या दोघांत फार अंतर वाटत नाही. कुणाला वाटत असेल, तर आता प्रश्नोत्तरांची वेळ आहेच. माइक तुमच्याकडे देतो.